शिनोलीहून जुन्नरला : पाण्याची पोढी आणि गावाचे सभागृह

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला उतरायचे आणि पश्चिमेकडे तोंड करायचे. घोडेगाव मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात, आणि डिंभे धरणाच्या अलीकडे शिनोली लागते. भीमाशंकरला जाणारे भाविक हे गाव गाडीच्या काचेतून पाहतात आणि पुढे निघून जातात. आम्ही मात्र शिनोलीलाच उतरलो. आमच्या एका आप्ताच्या मुलीचा साखरपुडा होता. वाकडेवाडीच्या स्टँडवरून निघालेली एसटी, मंचरला गाडी बदलणे, घोडेगावला पुन्हा थांबणे, असे करीत पोचेपर्यंत दुपार झाली.

या तालुक्याची एक गंमत आहे. तालुक्याचे नाव आंबेगाव, परंतु आंबेगाव हे मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आणि मोठा बाजार मंचरला. म्हणजे नाव एका ठिकाणी बुडालेले, सही-शिक्का दुसऱ्या ठिकाणी आणि पैसा तिसऱ्या ठिकाणी. कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला ही व्यवस्था लगेच समजली, कारण आमच्या कचेरीतही असेच चालते.

साखरपुडा घरासमोर मांडव घालून झाला. त्रिसरण-पंचशील झाले, पाव्हण्यांच्या जेवणाच्या पंगती उठल्या, आणि संध्याकाळी ओट्यावर मंडळी टेकली. विषय अर्थातच लग्न कुठे करायचे हा निघाला. खाजगी मंगल कार्यालयाचे भाडे ऐकून मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. तेव्हा एक तरुण पोरगा म्हणाला, "मंचरला आता नगरपंचायत झालीय. तिनं एखादं मोठं सांस्कृतिक भवन बांधावं, म्हणजे सगळ्या तालुक्याची सोय होईल." त्यावर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बांधतील रे बाबा. पण ते आपल्याला मिळंल का?"

त्या एका प्रश्नावर पुढे दोन तास बोलणे झाले. कुणाला नाट्यगृह हवे होते, कुणाला लग्नाचे सभागृह, कुणाला व्यायामशाळा. दहावीला बसलेल्या एका मुलीने सांगितले की तिला बसून अभ्यास करायला फक्त एक खोली हवी, जिथे रात्री नऊपर्यंत दिवा चालू राहील. आणि स्वयंपाकघराच्या दारातून एक मावशी बोलल्या, "काय बी बांधा, पण बायांसाठी मुतारी आन् पाणी असू द्या. नाय तर आम्ही येत न्हाय." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मावशींचे बोलणे डोक्यातून गेले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कुणाला समाजमंदिर पाहायला मिळाले नाही असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांत आम्ही ती पाहिली आहेत. उद्घाटनाची संगमरवरी पाटी अजून चकचकीत, पण दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे असते हे सांगायला चार घरे फिरावी लागतात. आत सिमेंटच्या गोण्या, मोडकी सायकल, कुणाचा तरी कडबा. नळ आहे तर पाणी नाही, बल्ब आहे तर बिल थकले म्हणून वीज तोडलेली. बांधताना पैसा मिळाला, त्याची पाटी लागली. बांधल्यानंतरच्या दिवसांचा पैसा कुणी मागितलाच नाही, म्हणून तो मिळालाही नाही. हे सारे आम्ही ओट्यावर बोललो, आणि दुसऱ्या दिवशी जरा हिंडून यावे असे ठरवले.

सकाळी आधी डिंभ्याला गेलो. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीत काम करणारा हा कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना चिरडला गेला. आपल्यातल्या किती घरांतून आजे-पणजे असेच गिरणीत गेले! धरणाच्या भिंतीपलीकडे पसरलेले पाणी पाहताना त्या नावाचा अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी या पाण्याखाली गेलेल्या घरांचीही आठवण होते. उठून गेलेल्या गावाला नवी जागा देताना पहिल्याने काय द्यायचे, हा प्रश्न या डोंगरात लोकांनी फार जवळून पाहिला आहे.

डिंभ्यापासून आत गेलेल्या रस्त्याने पुढे माळीण येते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा सुटून ते गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. एसटीच्या चालकाला नेहमीच्या ठिकाणी गाव दिसले नाही, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला बातमी कळली. नवे माळीण आमडे गावाच्या हद्दीत वसवले गेले आणि २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. घरे, शाळा, ग्रामपंचायत, रस्ते, गटारे, सगळे नव्याने आखून. इतके असूनही त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसाने भराव वाहिला आणि रस्ते खचले. आम्ही त्या दिवशी डिंभ्यावरून परत फिरलो, पण ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण एवढेच, की कागदावर आखलेल्या सोयीची परीक्षा पाऊस घेतो, समारंभ घेत नाही. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठून वाहते हे माहीत असते. त्यांना विचारायला वेगळी फी लागत नाही.

तिथून उलटे फिरून मंचर, नारायणगाव आणि जुन्नर असा बेत केला.

नारायणगावला गाडी बदलताना अर्धा तास मिळाला. याला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांच्या हंगामात येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर येथल्याच. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या. तमाशाविषयी आपल्या समाजात दोन मते आहेत. ती असोत. पण आम्हाला एक विचारावेसे वाटते. शहराची पालिका 'सांस्कृतिक भवन' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पडदा, खुर्च्या आणि वातानुकूलित यंत्र असते. या भागातली कला मात्र तंबूत, ट्रकच्या फळीवर, उघड्या मैदानात वाढली. आपला आंबेडकरी जलसासुद्धा चाळीच्या पटांगणात आणि वस्तीच्या चौकातच उभा राहिला. नारायणगावच्या कलावंत बाईला नव्या भवनाने काय द्यावे? कपडे बदलायला आडोशाची खोली, रात्री मूल झोपवायला जागा, ट्रक उभा करायला मैदान. हजार खुर्च्यांच्या आराखड्यात या तीन गोष्टी शोधूनही सापडत नाहीत. मोठ्या शहरातले आमचे पुणे तरी काय वेगळे? बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले. ते पाडून नवे बांधण्याची चर्चा २०१८ पासून चालू आहे. त्या चर्चेत पार्किंग किती, दुकाने किती, हे फार ऐकू येते. झाडलोट करणाऱ्या बाईने डबा कुठे खायचा, हे कुणी बोललेले आमच्या तरी कानावर आले नाही.

जुन्नरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागले होते. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेलो. डोंगरात एका रांगेत तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या सातव्या लेण्यात आज गणपतीचे देवस्थान आहे आणि बहुतेक लोक तिथेच जाऊन परततात. ते लेणे म्हणजे मूळचा मोठा विहार, भोवती भिक्खूंच्या वीस खोल्या. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. आत शिरलो तर आम्ही तिघेच होतो. खांब, वर हत्ती-सिंहांचे जोड, आणि टोकाला स्तूप. तिथे उभे राहून वंदना म्हटली, तेव्हा आवाज छताला लागून परत आला.

हे चैत्यगृह कुणा राजाने कोरवले असेल असे वाटते. तसे नाही. दारावरच्या लेखात दात्याचे नाव आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे, त्या वाटेवर पैसा मिळवलेला हा माणूस. ही ब्राह्मी अक्षरे आम्हाला वाचता येत नाहीत. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख वाचून छापले, त्यामुळे आज आपल्याला ती नावे कळतात.

जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत अशी लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी. शिवनेरीच्या कड्यातल्या लेण्यांची वाट अवघड, म्हणून आम्ही ती खालूनच पाहिली. परंतु त्या लेखांत काय आहे ते ऐका. शिवनेरीवर इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. तिथेच चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीवर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि पोढी दिली. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्याच्यासोबत पोढी दिली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आजच्या भाषेत सोसायटी म्हणा.

आमच्या लक्षात जे आले ते असे. खोल्या कोरल्या तिथे पाणी, आणि मंडप कोरला तिथेही पाणी. दगडात पाणी साठवणे हे खोली कोरण्याइतकेच कष्टाचे काम, पण त्या लोकांनी ते दुसऱ्या टप्प्यावर टाकले नाही. शिनोलीच्या मावशी ज्यासाठी अडून बसल्या होत्या, ते जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात कुणाला सांगावे लागले नव्हते. भोजनमंडप देणारा परदेशी, टाके देणारा परदेशी, चैत्य देणारा कल्याणचा. कुणाचे कूळ कोणते हे विचारून दान नाकारलेले दिसत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मानमोडीच्या लेखांत नुसती इमारत नाही, तिच्या खर्चाची तजवीजही आहे. एका शक उपासकाने करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी शेतजमिनीचे उत्पन्न लावून दिले आणि ते काम एका श्रेणीकडे सोपवले. दुसऱ्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे म्हणजे आपले बुरूड! पुढच्या काळात ज्यांना गावाबाहेर बसवून सुपे-टोपल्या विणायला लावल्या, त्यांच्या संघाकडे एके काळी या जुन्नरात सार्वजनिक पैसा विश्वासाने ठेवला जात होता, आणि त्याच्या उत्पन्नावर लेण्याचा खर्च चालत होता. आम्ही बी. कॉम. झालेले. ठेव, व्याज, खर्च ही आमची रोजची भाकरी. तो लेख समजावून घेताना आमच्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

आजची कोणतीही पालिका सभागृह बांधते तेव्हा अंदाजपत्रकात बांधकामाचा आकडा ठळक असतो. पहिल्या वर्षानंतर झाडू कोण मारणार, वीजबिल कोणत्या खात्यातून जाणार, नळ गळला तर कुणाच्या सहीने दुरुस्त होणार, हे कुठेच नसते. मग दोन वर्षांत ती वास्तू ठेकेदाराला चालवायला दिली जाते. ठेकेदार भाडे वाढवतो. आणि मुलीच्या लग्नासाठी पुन्हा आपण घरासमोर मांडव घालतो.

आपल्या माणसांनी हे करून दाखवलेले नाही असे नाही. पुण्याजवळ देहूरोडच्या कष्टकरी बांधवांनी विहार उभा केला आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः येऊन तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. आज सत्तर वर्षांनंतरही ते ठिकाण जागते आहे, कारण तिथे दर वर्षी माणसे येतात आणि देखभाल करणारे हात आहेत. परंतु सगळा भार वर्गणीवर टाकणे हेही आम्हाला मान्य नाही. आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, काडेपेटी घेतली तरी कर भरतो. त्या पैशातून झालेल्या सोयीवर आपलाही हक्क आहे.

हा हक्क कसा मिळाला ते पोरांना सांगायला हवे, म्हणून थोडे इतिहासात जातो. पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करावेत असे ठरले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून विरोधात मत देणारे एकटे जोतीराव होते. भाजीबाजाराच्या भव्य इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झाली, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव इमारतीला! पण जोतीरावांचा विरोध इमारतीला नव्हता, क्रमाला होता. आधी शाळा, मग शिखर. आणि स्वतःपुरते म्हणाल तर १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याला पालिकेचा ठराव लागला नाही.

पालिकेच्या ठरावाची दुसरी गोष्ट महाडची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा म्हणून जो ठराव आपण ओळखतो, तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरता आले पाहिजेत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पाण्यापर्यंत मात्र कुणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख पाहा, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली होती. पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

हेच तत्त्व संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात आले आहे. पूर्णतः किंवा अंशतः शासनाच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराला जात, धर्म, लिंग वगैरे कारणांवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही. आज दारावर 'अमुक जातीला प्रवेश नाही' अशी पाटी कुणी लावणार नाही. आडकाठी आता नियमावलीत असते. अनामत रक्कम किती, सहा महिने आधी नोंदणी, दोन जामीनदार, 'सभा-संमेलनास परवानगी नाही', १४ एप्रिलच्या तारखेला नेमकी रंगरंगोटी. एका सभागृहाच्या खिडकीवर आम्ही स्वतः तीनदा हेलपाटे घातले आहेत, तेव्हा हे ऐकीव नाही. आजोबांचा "मिळंल का?" हा प्रश्न याच खिडकीतून आलेला आहे.

मग करायचे काय? आम्ही फाईल वाचणारी माणसे, म्हणून फाईलच्या भाषेत सांगतो. नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका यांना १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा करावा लागतो. शाळा कुठे, बाग कुठे, दवाखाना, वाचनालय, सभागृह, दफनभूमी, मैदान कुठे, त्याची आरक्षणे त्या नकाशावर पडतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत कुणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना लेखी देता येते. नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तिथे बोलता येते. हे तीस दिवस म्हणजे आपला चवदार तळ्याचा काठ समजा. ते गेले की नकाशा पक्का होत जातो, आणि मग मोर्चा काढूनही जागा हलत नाही. दुसरे असे, की आरक्षण पडले म्हणजे सोय झाली असेही नाही. दहा वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठराविक मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण रद्द होते. वाचनालयाची म्हणून दाखवलेली जागा अशाच रीतीने दुकानांची होते. म्हणून नकाशाची प्रत आपल्याकडे हवी, आणि दर वर्षी अंदाजपत्रकात त्या जागेसाठी पैसे ठेवले का, हे विचारणारा एक तरी माणूस वस्तीत हवा.

शिनोलीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला रस्ता थोडा वेगळा. तिथे 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा होतो आणि तो ग्रामसभेपुढे यावा लागतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च व्हावी असा नियम आहे, जिल्हा परिषदेला तो २० टक्के आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना वेगळी. हा पैसा दर वेळी रस्त्याच्या काँक्रीटमध्ये का जातो आणि अभ्यासिकेच्या दिव्यात का जात नाही, हे ग्रामसभेत विचारता येते. विचारणारे उठत नाहीत, हे खरे दुखणे. बाया तर मागे ओट्याला टेकून उभ्या असतात.

जुन्नरहून शिनोलीला परतायला रात्र झाली. जेवणे उरकल्यावर पुन्हा ओट्यावर बैठक बसली आणि आम्ही वहीचे पान फाडून अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. पोरांनी पहिल्यांदा 'भव्य सांस्कृतिक भवन' असे लिहायला सांगितले. 'भव्य' शब्दावर बराच वाद झाला आणि शेवटी तो कापला. मग कामाचे मुद्दे निघू लागले. शंभर-दीडशे माणसांचे साधे सभागृह, बाजूला अभ्यासिका आणि तिला स्वतंत्र दार, म्हणजे सभागृह बंद असले तरी मुले बसू शकतील. पाण्याची टाकी इमारतीबरोबरच, नंतर नाही. स्त्रियांसाठी दोन शौचालये, आतून कडी लागणारी. पायरीशेजारी उतार, आजोबांच्या काठीसाठी. भाडे ठरवणे ग्रामसभेच्या हातात, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मुलीच्या लग्नासाठी अनामत माफ. किल्ली बचत गटाच्या बायांकडे. भाड्यातला ठराविक हिस्सा दर महिन्याला बँकेत वेगळ्या खात्यावर, दुरुस्तीसाठी. हे शेवटचे कलम आम्ही सुचवले. बुरुडांच्या श्रेणीची गोष्ट सांगितली तेव्हा कोपऱ्यात बसलेला एक माणूस पुढे सरकला. त्याच्या आजोळी टोपल्या विणतात म्हणे. त्याने ती गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि लेख नेमका कुठल्या डोंगरावर आहे ते आमच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतले.

दहावीतल्या त्या मुलीचे अक्षर चांगले, म्हणून पक्का अर्ज तिने लिहिला. सह्या सुरू झाल्या. पुरुषांच्या सतरा झाल्यावर मावशी हात पुसत आल्या आणि त्यांनी अर्ज आधी वाचून दाखवायला लावला. शौचालयाच्या ओळीवर थांबवून म्हणाल्या, "दोन कशाला, चार लिहा. लग्नात किती बाया असत्यात, तुम्हाला काय ठाव." मुलीने दोनाचे चार केले, शेजारी आपली सही केली, आणि मावशींनी खाली आपले पूर्ण नाव लिहिले.